पाणचक्कीचा वड आणि नहरीचं पाणी

छत्रपती संभाजीनगरात पाहुणे आले की बीबी-का-मकबऱ्यानंतर त्यांना पाणचक्कीवर नेतात. तिथे चक्की बघून झाली की सगळे वडाखाली टेकतात. मे महिन्यात शहर तापलेलं असताना या सावलीत आलं की फरक लगेच अंगाला कळतो. झाड 600 वर्षांचं आहे असं सांगितलं जातं, आणि सहलीला आलेल्या पोरांच्या वह्यांत तोच आकडा उतरतो.

हा आकडा खरा धरला तर वड शहराहून थोरला ठरतो. मलिक अंबरने निजामशाहीसाठी खडकी वसवली ती 1610 मध्ये. पुढे 1626 मध्ये त्याच्या मुलाने, फतेह खानाने, तिला फतेहनगर केलं आणि 1653 मध्ये दख्खनचा सुभेदार म्हणून परतलेल्या औरंगजेबाने आपलं नाव दिलं. म्हणजे 600 वर्षांमागे इथे शहर नव्हतंच. बहामनींचा काळ, आणि मुलखात दबदबा होता तो दौलताबादच्या किल्ल्याचा.

पण वडाचं वय असं छातीठोक सांगता येत नाही. इतर झाडांची वर्षवलयं मोजतात, वडाच्या बाबतीत ते जमत नाही. पारंबी मातीला टेकली की मुळं धरते, जाड होत जाते आणि काही वर्षांत तिचंच खोड बनतं. मूळ खोड मधून पोकळ झालं, कुजून गेलं तरी झाड उभंच. आज आपण जे खोड म्हणून हात लावतो, ते कधीकाळी वरून लोंबणारी पारंबी असू शकतं. म्हणून मला वयाच्या वादापेक्षा पाण्याचा इतिहास जास्त मोलाचा वाटतो. त्याचा माग काढता येतो.

मलिक अंबरने शहर वसवतानाच पाण्याची सोय केली. डोंगरांच्या पायथ्याशी जमिनीत मुरलेलं पाणी गोळा करायचं आणि जमिनीखालून उतारानं वस्तीत आणायचं, ही नहर-ए-अंबरी. वाटेत जागोजागी उंच मनोरे बांधलेले. त्यांतून नळातली अडकलेली हवा निघून जायची आणि दाब सांभाळला जायचा. यातले काही मनोरे जुन्या शहरात अजून दिसतात. पुढे याच धर्तीवर आणखी नहरी झाल्या, त्यातली एक पाणचक्कीची.

औरंगजेबाच्या काळात बुखाऱ्याच्या भागातून आलेले नक्शबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर खाम नदीकाठी, आजच्या महमूद दरवाजाजवळ राहिले. त्यांच्या दर्ग्याच्या आवारात 1695च्या सुमारास ही चक्की उभी राहिली. तुर्कताज खान या सरदाराचं नाव त्या बांधकामाशी जोडलं जातं. हर्सूलच्या बाजूने काही किलोमीटरवरून नळांतून आलेलं पाणी एका उंच भिंतीवर चढवलं आहे आणि तिथून ते खालच्या हौदात कोसळतं. चक्कीची रचना साधी आणि अचूक. खाली पात्यांचं आडवं चाक, त्याच्या मधोमध उभा कणा आणि त्या कण्यावर थेट जातं. दाते नाहीत, पट्टा नाही. पाण्याच्या मारानं चाक एकदा फिरलं की जातंही एकदा फिरतं. यात्रेकरू, फकीर आणि फौजेच्या लोकांसाठी इथे पीठ दळलं जायचं. हौद नंतर, 18व्या शतकात, वाढवला गेला. त्याच्या खालीच दालनं आहेत. डोक्यावर पाणी असल्यामुळे ती उन्हाळ्यात गार राहतात.

या सगळ्याच्या मधे वड. मराठवाड्यात मातीचा थर पुष्कळ ठिकाणी पातळ, खाली काळा पाषाण. पाऊस आला की पाणी वाहून जातं आणि फेब्रुवारीपासून विहिरी तळ गाठतात. 1972चा दुष्काळ आमच्याकडे अजून घराघरात सांगितला जातो. अशा मुलखात एखादा वड एवढा फोफावतो आणि टिकतो, तेव्हा त्याच्या मुळाशी ओल आहे हे कुणीही शेतकरी सांगेल. हौदाचं झिरपणं, नळांच्या सांध्यांतून पाझरणारं पाणी, जवळची खाम नदी. माझ्या मते या झाडाचं आयुष्य यावरच बेतलेलं आहे.

आणि धोकाही तिथूनच आहे. नहरींवर घरं झाली, रस्ते खोदताना नळ फुटले, कुठे सांडपाणी शिरलं. शहर जायकवाडीच्या पाण्यावर गेलं आणि नहर विस्मरणात गेली, आता तर नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं. नागरी भागातल्या झाडांसाठी महाराष्ट्रात 1975चा कायदा आहे. त्यात 2021 मध्ये दुरुस्ती होऊन 50 वर्षांवरच्या झाडांना वारसावृक्षाचा दर्जा देण्याची तरतूद झाली. वयाचा वाद कितीही असो, पाणचक्कीचा वड या अटीत आरामात बसतो. पण कायदा कुऱ्हाड अडवतो, मुळाखालची ओल आटली तर त्याला काही करता येत नाही. पारंब्या जिथे मातीला टेकू पाहतात तिथे फरशी असेल तर नवं खोडही धरत नाही.

वडाला खरंच जपायचं असेल, तर हर्सूलपासून हौदापर्यंतचा नहरीचा मार्ग शहराच्या विकास आराखड्यावर ठळक आखून घ्यायला हवा, त्यावर नवं खोदकाम होण्याआधी तपासणी सक्तीची हवी आणि झाडाभोवतीची जमेल तेवढी जमीन उघडी करायला हवी. ही तिन्ही कामं एकाच फाइलमध्ये असावीत, झाड एका विभागाकडे आणि नहर दुसऱ्याकडे असं नको.