कुलूप दिसलं म्हणजे साइट खरी, असं काही नसतं

"अ‍ॅड्रेसच्या बाजूला कुलूप आहे ना, मग बिनधास्त टाक पासवर्ड" हा सल्ला अजून फिरतोय आणि देणारे चांगल्या मनानेच देतात, पण तो अर्धवट आहे. कुलूप एवढंच सांगतं की तुमच्या ब्राउझरपासून त्या साइटपर्यंत जाणारा डेटा एन्क्रिप्ट झालाय, म्हणजे मधला कोणी, समजा फुकटच्या वायफायवर टपून बसलेला, तो वाचू शकत नाही. पण पलीकडे बसलाय कोण? ते कुलपाला नाही माहीत. चोराशी बोलत असाल तरी बोलणं गुपितच राहणार!

हे कुलूप दिसायला साइटकडे सर्टिफिकेट लागतं, म्हणजे डोमेन (पत्त्यातलं साइटचं नाव) तिच्याच ताब्यात असल्याचा डिजिटल दाखला. पूर्वी त्याला पैसे लागायचे, खटपट असायची, म्हणून बरेच फसवणारे त्या भानगडीत पडत नसत. २०१५ च्या शेवटी लेट्स एन्क्रिप्ट या सर्टिफिकेट देणाऱ्या सेवेने ती सगळ्यांना फुकट द्यायला सुरुवात केली (चांगलंच झालं ते), आता डोमेन ताब्यात असलं की काही मिनिटांत सर्टिफिकेट हातात, मग ते डोमेन बँकेच्या नावातलं एक अक्षर बदलून घेतलेलं का असेना. गूगलने तर २०२३ मध्ये क्रोममधून कुलूपच काढलं, लोक चुकीचा अर्थ घेत होते म्हणून. बघायचं ते डोमेनचं नाव, तेही पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या (/) लगेच आधीचं, कारण खरं नाव सुरुवातीला चिकटवून फसवणं फार सोपंय.