पेज किती दाट हवी?

लेकीचं उष्टावण कधी करायचं यावर आमच्या फोंड्याच्या घरात वाद झालाच नाही. मुलाचं सम महिन्यात, मुलीचं विषम महिन्यात, हा सासूबाईंचा नियम. म्हणून सातवा ठरला. डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिने पूर्ण होऊ द्या. सहा पूर्ण म्हणजे सातवा चालू, तेव्हा दोघांचंही राहिलं. कवळ्याच्या देवळात खिरीचं बोट जिभेवर ठेवलं आणि तिने ती खीर सरळ बाहेर ढकलली. "आवडली नाही गो तिला," जमलेल्या बायका म्हणाल्या. आवडीनिवडीचा तिथे फारसा संबंध नव्हता. जिभेवर आलेली दाट वस्तू बाहेर लोटण्याची प्रतिक्षिप्त क्रिया तान्ह्या बाळात उपजत असते. चौथ्या ते सहाव्या महिन्यात ती ओसरत जाते, पण तोवर फक्त चोखणंच ठाऊक असलेल्या जिभेला घास मागे सरकवणं नव्याने शिकावं लागतं.

वाद पेटला तो दुसऱ्या दिवशी, पेजेवरून.

सासूबाईंनी उकड्या तांदळाची पेज शिजवली आणि वरचं पाणी तेवढं वाटीत काढलं. "अगो, सगळा कस ह्यातच असतो." त्यात तथ्य अगदीच नाही असं नाही. भात सालासकट उकडताना कोंड्यातलं बी-1 जीवनसत्त्व दाण्यात शिरतं आणि पेज रटरटताना त्यातलं काही पाण्यात उतरतं. पण बाळाचं पोट केवढं? वजनाच्या दर किलोमागे साधारण 30 ग्रॅम अन्न एका वेळी मावतं. आमची आठ किलोची, म्हणजे 240 ग्रॅम झालं की दार बंद. आईच्या दुधात 100 मिलिलिटरला सुमारे 65 ते 70 कॅलरी असतात. 100 मिलिलिटर पेजेत पाच ग्रॅम तांदूळ धरला, तर कॅलरी भरतात जेमतेम 18. वरच्या पाण्यात त्याहूनही कमी. म्हणजे वाटीभर पेजेचं पाणी पाजलं की पोट भरतं, तितकं दूध कमी प्यायलं जातं आणि बाळाला दिवसाअखेर तोटाच होतो. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाव्यतिरिक्त रोज साधारण 200 कॅलरी लागतात. त्या अशा पाण्यातून मिळवायच्या तर लिटरभराहून जास्त पाजावं लागेल!

मग दाट करा, इतकं सोपं असतं तर प्रश्नच नव्हता. तांदूळ शिजतो तेव्हा स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि खळ तयार होते. ती जिभेला चिकटते, बाळाला गिळवत नाही. एक उपाय सरळ आहे: तूप किंवा खोबरेल. चमचाभर म्हणजे पाच ग्रॅम स्निग्धांश, 45 कॅलरी, आणि खळही सैल पडते. दुसरा उपाय मला जास्त भावतो, कारण तो सासूबाईंच्याच डब्यात होता. मोड आलेल्या नाचणीचं पीठ.

नाचणी रात्रभर भिजवून फडक्यात बांधली की दाणा अंकुराला खाऊ घालायच्या तयारीला लागतो. त्यासाठी तो अमायलेज नावाचं विकर बनवतो. हे विकर स्टार्चच्या लांब साखळ्या तोडतं, आणि खळीचा चिकटपणा या लांब साखळ्यांमुळेच असतो. त्या तुटल्या की तेवढ्याच पिठाची पेज ओघळती होते. कॅलरी मात्र तेवढ्याच राहतात. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या आहारशास्त्रज्ञांनी 1980 च्या दशकात नेमकं हेच मोजून दाखवलं. मोड आणलेल्या धान्याचं थोडंसं पीठ घातलं की दाट पेज पातळ होते. मोड आल्याने धान्यातलं फायटिक आम्लही घटतं. हे आम्ल लोहाला धरून ठेवतं, म्हणून ते जितकं कमी तितकं बरं.

करताना एक मेख आहे. फार भाजलेल्या पिठातलं विकर मरतं, आणि उकळत्या पाण्यात पीठ टाकलं तरी मरतं. पीठ गार पाण्यात कालवून मंद आचेवर चढवायचं, म्हणजे तापत असतानाच विकराला काम उरकता येतं. मग मात्र चांगली उकळी हवीच, कारण मोड आणताना दाण्यावर जंतूही वाढलेले असतात. आषाढात आमच्याकडे मोड आलेली नाचणी उन्हात वाळवणं हा तर विनोदच. दोन दिवस ओलसर राहिली, वास आला, आणि मी अख्खी ताटली फेकून दिली. त्यानंतर पंख्याखाली वाळवली.

गाळण्यावरून पुन्हा वाजलं. तिजणासाठी, म्हणजे नाचणीच्या गोड खिरीसाठी, नाचणी वाटून फडक्यातून गाळायची ही जुनी रीत. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदळात दहाच्या आसपास. पण नाचणीतलं बरंचसं कॅल्शियम टरफलात असतं, म्हणजे फडक्यावर उरलेल्या चोथ्यात. मी गाळत नाही. गूळही घालत नाही. तिजणाला माडाचा गूळ हवाच, हे मान्य, पण दोन वर्षं थांबेल तो.

लोहाचा प्रश्न मात्र नाचणीनेही सुटत नाही. बाळ जन्मताना लोहाचा साठा घेऊन येतं, तो सहाव्या महिन्याच्या सुमाराला आटतो, आणि आईच्या दुधात लोह फारच थोडं असतं. म्हणूनच सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा लोह-फॉलिक आम्लाचं 1 मिलिलिटर सिरप देतात. घरचा उपाय म्हणजे मासे. काटे काढून कुस्करलेली मुडदुशी पेजेत मिसळली की माशाच्या संगतीने धान्यातलं लोहही जास्त शोषलं जातं. मोरीसारखे मोठे शिकारी मासे नकोत, त्यांच्यात पारा साठतो. शाकाहारी घरात लिंबाचे दोन थेंब थोडं काम करतात. चहात बुडवलेला पाव नेमकं उलटं करतो. चहातलं टॅनिन लोह अडवतं.

शेंगदाण्याला घाबरू नका, पण अख्खा दाणा देऊ नका. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी ॲलर्जीचा धोका असलेल्या 640 बाळांचा अभ्यास केला. चार ते अकरा महिन्यांच्या वयात ज्यांना शेंगदाणा द्यायला सुरुवात केली, त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे 80 टक्क्यांनी कमी आढळली. 2015 सालचा हा निष्कर्ष. मध मात्र वर्षाच्या आत बोटभरही नको. त्यातल्या बोटुलिनम जंतूंचे बीजाणू बाळाच्या आतड्यात रुजून विष बनवू शकतात.

आता लेक नऊ महिन्यांची आहे. गुठळ्या नववा-दहावा महिना उलटायच्या आत जिभेला ओळखीच्या व्हायला हव्यात, नाहीतर पुढे मुलं त्या नाकारतात. म्हणून मिक्सर बंद केलाय. काल सासूबाईंनी पेजेत चमचा बुडवला, तिरका केला, घास घरंगळला नाही हे पाहिलं आणि न बोलता वाटीत तुपाची धार सोडली. वरचं पाणी त्या स्वतः प्यायल्या.