मेलबर्नहून चौथ्या डाऊनपर्यंत : ऑस्ट्रेलियन पंटरांची पार्श्वभूमी

२०२४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधल्या शिकागोच्या संघाने ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीच्या, चौथ्या फेरीत, १२२ व्या क्रमांकावर, मेलबर्नचा एक पंटर घेतला. चौथ्या डाऊनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला, चेंडू हातातून सोडून लांब किक मारत समोरच्या संघाला देणारा तो पंटर; त्या किकला पंट म्हणतात. चौथ्या फेरीत पंटर घ्यायला फारसे संघ धजावत नाहीत. पण या मुलाने आदल्या हंगामात आयोवाच्या कॉलेज संघाकडून पंट मारून ४,४७९ यार्ड काढले होते आणि १९३८ पासून उभा असलेला विक्रम मोडला होता. अशी निवड झाली की दरवेळी तेच विचारलं जातं : ऑस्ट्रेलियातून एवढे पंटर येतात कसे? उत्तरही ठरलेलं असतं, की तिकडची पोरं चालायला लागल्यापासून अंडाकृती चेंडूला किक मारतात. हे खोटं नाही, पण यातून फार थोडं कळतं. तीच पोरं १९७० मध्येही किक मारत होती आणि तेव्हा त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

आधी शब्दाचा घोळ. मुंबईत ‘पंटर’ म्हटलं की भाईचा माणूस किंवा रेसकोर्सवरचा पैसे लावणारा डोळ्यांपुढे येतो. दुसरा अर्थ ऑस्ट्रेलियातही रुळलेला आहे. त्यांच्या एका क्रिकेट कर्णधाराला हे टोपणनाव कशावरून पडलं, ते आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक आहे. किक मारणे एवढंच काम असलेला ‘पंटर’ मात्र ऑस्ट्रेलियन रूल्समध्ये, म्हणजे त्यांच्या फुटीमध्ये, नाहीच. तिथे मैदानावरच्या अठराही जणांना किक मारावी लागते. धावता धावता, अंगावर माणूस येत असताना, चाळीस-पन्नास मीटरवरच्या साथीदाराच्या छातीवर चेंडू पोहोचवायचा. जे तिथे सगळ्यांचं रोजचं काम, ते अमेरिकेत एका माणसाची पूर्णवेळ नोकरी झालं. अशा नोकऱ्या व्यावसायिक लीगमध्ये जेमतेम ३२, प्रत्येक संघात एक.

जुना काळ थोडक्यात सांगता येतो. १८९६ ते १८९९ या वर्षांत मेलबर्नकडचा एक तरुण विस्कॉन्सिनच्या मॅडिसनमध्ये कॉलेजकडून खेळला. त्याला ‘कांगारू किकर’ म्हणत. १८९८ मध्ये बर्फाच्या वादळात त्याने ६२ यार्डांवरून ड्रॉप किकने गोल मारल्याची नोंद आहे. पुढे तो गायब झाला आणि १९३४ मध्ये कॅलिफोर्नियात वेगळ्या नावाने राहताना सापडला. गोष्ट विलक्षण आहे, पण आजच्या पंटरांशी तिचा धागा जोडायला मी तयार नाही. त्या काळी खेळच वेगळा होता, आणि ड्रॉप किकमध्ये चेंडू आधी जमिनीला टेकून मग मारतात. नंतर १९६५ मध्ये डॅलसने मेलबर्न ऑलिंपिकमधल्या एका उंच उडीपटूला पंटर म्हणून घेतलं. व्यावसायिक लीगमध्ये खेळलेला पहिला ऑस्ट्रेलियन तोच. तो तीन सामने खेळला आणि ते दार बंद झालं. पुढची जवळजवळ तीस वर्षं काही घडलं नाही.

खरी सुरुवात १९९४ ची. पर्थ आणि मेलबर्नच्या संघांकडून फुटी खेळून निवृत्त झालेला, जवळपास साडेसहा फूट उंचीचा एक फॉरवर्ड सान दिएगोच्या सराव पथकात दाखल झाला. १९९५ च्या वसंतात त्याला युरोपातल्या लीगमध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला पाठवलं. त्याच वर्षी परत येऊन तो मुख्य संघाचा पंटर झाला, आणि पहिल्याच हंगामात लीगच्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी त्याची निवड झाली. पुढे १९९० च्या दशकाचा सर्वोत्तम संघ ठरला तेव्हा पंटरच्या दोन जागांपैकी एक त्याची होती. हा सगळा मान त्याच्या पायातल्या जोरासाठी होता असं लिहिलं जातं. त्याहून मोठी गोष्ट त्याने आणली ती म्हणजे ड्रॉप पंट.

अमेरिकेत तोवर पंट म्हणजे स्पायरल. चेंडू लांबीच्या आसाभोवती फिरत जातो, हवा कापतो, दूर पडतो. पण पडल्यावर कुठे उसळेल ते सांगता येत नाही. ड्रॉप पंटमध्ये चेंडू उभा धरून खालच्या टोकावर मारतात, तो उलटा गिरक्या घेत जातो. अंतर काहीसं कमी मिळतं, पण नेम धरता येतो आणि टप्पा पडल्यावर चेंडू पुष्कळदा जागीच थबकतो किंवा मागे येतो. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपाशी हे सोन्यासारखं. स्पायरल रेषा ओलांडून गेला की चेंडू गोलरेषेपासून २० यार्डांवर आणून ठेवतात; ड्रॉप पंट ५ किंवा ८ यार्डांवर मरून पडला की समोरच्या संघाला अख्खं मैदान चालावं लागतं. ऑस्ट्रेलियात ही किक १९३० च्या दशकापासून माहीत होती. १९७० नंतर तिने तिथल्या ड्रॉप किकला आणि टॉर्पेडोला, म्हणजे त्यांच्या स्पायरलला, हळूहळू हटवलं. १९७० च्या पोरांना कुणी का बोलावलं नाही, याचं अर्धं उत्तर इथे आहे. अमेरिकेला जे कौशल्य हवं होतं ते ऑस्ट्रेलियातच अजून सार्वत्रिक व्हायचं होतं.

सान दिएगोच्या यशानंतर वाट उघडली ती निवृत्तीला आलेल्या नामांकित खेळाडूंसाठी. २००५ मध्ये फुटीतल्या जिलाँग संघाचा माजी कर्णधार, २१९ सामने खेळून, एकतिसाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या संघात गेला. २००७ मध्ये मेलबर्नच्या दोन संघांकडून मिळून ७४८ गोल केलेला फॉरवर्ड तेहतिसाव्या वर्षी फिलाडेल्फियाचा नवशिका झाला. लीगमधला सर्वांत वयस्कर नवशिका म्हणून त्याची नोंद झाली. जानेवारी २००९ मध्ये हे दोघे उपांत्य लढतीत समोरासमोर आले, एक अ‍ॅरिझोनाकडून आणि एक फिलाडेल्फियाकडून. अ‍ॅरिझोनाने ३२-२५ असा सामना जिंकला आणि जिलाँगचा कर्णधार सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, खेळणारा पहिला ऑस्ट्रेलियन ठरला. दोन्ही बाजूंचे पंटर फुटीतले, आणि दोघांनीही आपली पहिली कारकीर्द पूर्ण करून ही दुसरी उभी केली होती. त्यानंतर ही थेट वाट जवळजवळ मिटलीच.

कारण २००७ मध्ये मेलबर्नला एक प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. चालवणारा स्वतः ब्रिस्बेनकडून फुटी खेळलेला आणि ग्रीन बेच्या हंगामपूर्व शिबिरापर्यंत पोहोचून परतलेला. त्याने वेगळं गणित मांडलं : व्यावसायिक लीगचं दार थेट ठोठावण्यापेक्षा कॉलेजमधून जा. शिष्यवृत्ती मिळेल, पदवी मिळेल, तीन-चार वर्षं खेळ शिकायला मिळतील. फुटीच्या ड्राफ्टमध्ये निवड न झालेले, किंवा एक-दोन हंगामांत वगळले गेलेले पंचविशीच्या आतबाहेरचे तरुण तिकडे वळले. फळ लवकर दिसलं. कॉलेजमधल्या सर्वोत्तम पंटरचा पुरस्कार २०१३ ते २०१७ अशी सलग पाच वर्षं ऑस्ट्रेलियन मुलांकडे गेला. त्यातली तीन वर्षं तर एकाच शहरात, सॉल्ट लेक सिटीत.

याच काळात ‘रग्बी पंट’ हे नाव रूढ झालं, आणि त्याबद्दल सविस्तर लिहायलाच हवं. कॉलेजच्या पंटमध्ये पंटर स्नॅप, म्हणजे खेळ सुरू करताना मागे फेकलेला चेंडू, घेतो, जागेवरून न मारता उजवीकडे चार-सहा पावलं धावतो आणि धावतानाच खाली राहणारी, गिरक्या घेणारी किक मारतो. चेंडू झेलणाऱ्यापर्यंत न जाता टप्पे खात पुढे सरपटतो. समालोचकांनी याला रग्बी म्हटलं, प्रशिक्षकांनी उचललं, आता नियमांच्या चर्चेतही तेच नाव येतं. रग्बीत धावताना पंट मारत नाहीत असं नाही. पण ही किक घेऊन जे आले ते बहुतांशी व्हिक्टोरियाचे, जिथे रग्बी हा दुसऱ्या राज्यांचा खेळ समजला जातो. त्यांच्या पायातला ड्रॉप पंट फुटीचा आहे, धावत मारण्याची सवय फुटीची आहे, चेंडू पायावर सोडण्याची पद्धत फुटीची आहे. अमेरिकन प्रेक्षकाला रग्बी हा शब्द ओळखीचा, म्हणून तो चिकटला. एका खेळाने दीडशे वर्षांत घडवलेलं कौशल्य दुसऱ्या खेळाच्या नावावर जमा होतं, आणि यात मला अन्याय दिसतो.

नावाने आणखी एक गोष्ट झाकली. ही किक कॉलेजात चालते ती तिथल्या नियमामुळे. तिथे स्नॅप होताच पंट मारणाऱ्या संघातले सगळे पुढे धावू शकतात. पंटर बाजूला पळतो तेवढ्या वेळात त्याचे साथीदार वीस-तीस यार्ड गाठतात, मग चेंडू हवेत फार वेळ राहिला नाही तरी चालतं. व्यावसायिक लीगमध्ये किक बसेपर्यंत केवळ दोन्ही टोकांचे दोघे पुढे जाऊ शकतात. बाकीचे थांबलेले असताना खाली मारलेला चेंडू म्हणजे समोरच्याला आयतं आमंत्रण. म्हणून तिथे चेंडू चार-साडेचार सेकंद हवेत राहावा लागतो, आणि स्नॅपपासून किकपर्यंत सगळं दोन सेकंदांच्या आसपास उरकावं लागतं. कॉलेजात वर्षानुवर्षं गाजलेला पंटर पुढे का टिकला नाही, असं विचारणाऱ्यांनी आधी हा फरक पाहावा.

कॉलेजातही वाद झालाच. पंटरला धक्का मारला की मोठा दंड बसतो. पण चेंडू हातात घेऊन पळणारा पंटर आहे की धावपटू? बचाव करणाऱ्याने त्याला पाडायचं की सोडायचं? तो कधीही किक मारू शकतो, आणि जागा दिसली तर पळतही सुटू शकतो. विरोधी प्रशिक्षकांची तक्रार अशी की दोन्ही फायदे एकाच माणसाला मिळतात. शेवटी नियम असा झाला की स्नॅप देणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच यार्डांची चौकट धरायची. पंटर चेंडू घेऊन तिच्याबाहेर गेला की त्याचं संरक्षण संपलं. हा निर्णय मला योग्य वाटतो. फुटीत वाढलेल्या मुलाला संरक्षणाची सवयच नसते, आणि जो धोका पत्करतो त्याने तो पूर्ण पत्करावा.

वयावरून होणारी तक्रार मात्र पटत नाही. पगार घेऊन फुटी खेळलेला पंचवीस वर्षांचा माणूस अठरा वर्षांच्या मुलांमध्ये कसा, असं विचारलं जातं. कॉलेज खेळांचा जुना नियम आहे की एका खेळातला व्यावसायिक दुसऱ्या खेळात हौशी राहू शकतो. बेसबॉल सोडून आलेले अमेरिकन क्वार्टरबॅक याच नियमाने खेळले, तेव्हा त्यांच्या वयावरून एवढी ओरड झाली नव्हती. उलट जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येऊ लागले, त्यातून विद्यार्थी व्हिसावरची ही मुलं जवळजवळ वगळली गेली. साथीदार जाहिराती करत असताना स्टेडियममधला लोकप्रिय पंटर हात बांधून बसतो.

आणि चूक झाली तर सगळं त्याच्या एकट्यावर येतं. १७ ऑक्टोबर २०१५ रोजी अ‍ॅन आर्बरमध्ये मिशिगनचा संघ २३-२१ असा पुढे होता आणि १० सेकंद उरले होते. त्यांच्या ऑस्ट्रेलियन पंटरच्या हातून स्नॅप निसटला, प्रतिस्पर्ध्यांनी चेंडू उचलून टचडाऊन केला आणि सामना २७-२३ असा गेला. त्याच सामन्यात याच मुलाने ८० यार्डांचा पंट मारला होता, तो कुणाच्या लक्षात राहिला नाही. त्याला समाजमाध्यमांवर जिवे मारण्याच्या धमक्यांपर्यंत सगळं वाचावं लागलं. १२ फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलमध्ये फिलाडेल्फियाच्या पंटरवर अशीच वेळ आली. मेलबर्नच्या संघाकडून २८ सामने खेळून, मग कॉलेज करून तो इथवर पोहोचला होता, आणि डिसेंबरमधल्या दुखापतीनंतर नुकता परतला होता. त्याचा एक पंट खाली राहिला, तो ६५ यार्ड परत आणला गेला. सुपर बोलच्या इतिहासात पंट परत आणताना झालेली ती सर्वांत लांब धाव. फिलाडेल्फिया ३५-३८ अशी हरली. चेंडू पायावर एखादा इंच चुकीचा पडला की एवढं होतं.

चांगल्या बाजूला सिअ‍ॅटलचा पंटर आहे. सिडनीहून टेक्सासमार्गे आलेला हा खेळाडू २०१८ मध्ये पहिल्याच वर्षी लीगच्या सर्वोत्तम संघात निवडला गेला. ७ ऑक्टोबर २०२१ रोजी त्याचा पंट अडवला गेला, चेंडू जमिनीवर आला. त्याने तो उचलला, बाजूला पळाला आणि पुन्हा मारला. पंचांनी बराच वेळ खल केला. जिथून खेळ सुरू झाला ती मूळ रेषा चेंडूने ओलांडली नसेल तर पुन्हा किक मारता येते, म्हणून ती ग्राह्य धरली. सुटलेला चेंडू उचलून अंगावर येणाऱ्यांना चुकवत मारणं फुटीत दर शनिवारी दिसतं.

मेलबर्नच्या केंद्रांतला सराव आता दोन भागांत होतो. कॉलेजसाठी धावत मारण्याची किक, तिला वेळ लागत नाही, ती अंगातच असते. पुढच्या लीगसाठी मात्र एका जागी उभं राहून, दोन पावलांत, चेंडू उंच आणि फिरत जाईल असा स्पायरल घोटावा लागतो. म्हणजे जी टॉर्पेडो त्यांच्या वडिलांच्या पिढीने मैदानातून बाजूला सारली, ती ही मुलं पहिल्यापासून शिकत आहेत.