घाट्यांनी लगडलेले झाड आणि बियाण्याचा वारसा

हरभरा काढणीला आला की बांधालगतच्या ओळीत एखादे झाड असे दिसते, की पावले आपोआप तिथे थांबतात. आतल्या झाडांवर तीस-चाळीस घाटे असतील, तर याच्यावर शंभराच्या वर. फुटवे इतके, की झाडाचे झुडूप झालेले. हे झाड बियाण्यासाठी वेगळे काढावे, असे कोणत्याही जाणत्या शेतकऱ्याला वाटते आणि त्यात गैर काही नाही, कारण माणसाने सारी पिके अशाच निवडीतून घडवली आहेत. पण पुढच्या रब्बीत त्या दाण्यांची स्वतंत्र ओळ पेरली, तर बहुधा ती शेजारच्या ओळीसारखीच निघते. त्या झाडाला एका बाजूने मोकळी जागा, ऊन आणि जास्तीची ओल मिळाली होती; फरक जागेचा होता, बियाण्याचा नव्हता.

डेन्मार्कचे शास्त्रज्ञ विल्हेल्म योहानसेन यांनी 1903 साली घेवड्यावर नेमके हेच दाखवून दिले. एकाच झाडाच्या शुद्ध वंशातील मोठे आणि लहान दाणे त्यांनी वेगवेगळे पेरले, तेव्हा दोन्हींच्या संततीतील दाण्यांचे सरासरी वजन जवळजवळ सारखेच भरले. हरभऱ्यालाही हा नियम लागू पडतो, कारण त्याचे परागीभवन कळी उमलण्याआधीच, तिच्या आतच उरकते. त्यामुळे जुन्या, स्थिरावलेल्या वाणातील सर्व झाडे आनुवंशिकदृष्ट्या जवळपास एकच असतात आणि त्यांच्यात कितीही निवड केली तरी हाती फारसे लागत नाही. निवडीला आधी विविधता लागते, आणि तीही बियाण्यातली.

ती मोजण्यासाठी पैदासकार, म्हणजे नवे वाण घडवणारे संशोधक, अनेक वाण एकाच शेतात, चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या जागी, पुन्हा पुन्हा पेरतात. एका वाणाच्या निरनिराळ्या वाफ्यांतील फरक जागेचा असतो. तो वजा केला की वाणावाणांतील खरा फरक उरतो. एकूण फरकातील या खऱ्या फरकाच्या वाट्याला वारसाक्षमता म्हणू. समजा, शंभर दाण्यांचे सरासरी वजन 20 ग्रॅम आहे, आपण 26 ग्रॅमची झाडे निवडली आणि वारसाक्षमता 0.8 आहे, तर पुढच्या पिढीत 6 ग्रॅमपैकी सुमारे 4.8 ग्रॅमची वाढ पदरात पडते. याउलट दर झाडाचे उत्पादन सरासरी 12 ग्रॅम असताना 20 ग्रॅमची झाडे निवडली आणि वारसाक्षमता 0.2 असली, तर 8 ग्रॅमपैकी अवघे 1.6 ग्रॅम उरतात. हे आकडे समजुतीसाठी घेतले असले, तरी दाण्याचे वजन वारशाने ठामपणे उतरते आणि उत्पादन मात्र हवामान, ओल व जमिनीच्या लहरीवर हेलकावते, हा अनुभव जुना आहे.

म्हणून थेट उत्पादन पाहून निवड करण्यापेक्षा ते ज्यांतून घडते त्या गुणांकडे, म्हणजे फुटवे, झाडावरील घाटे, घाट्यातील दाणे आणि दाण्याचे वजन यांकडे, पाहणे शहाणपणाचे ठरते. अडचण एवढीच, की हे गुण एकमेकांशी भांडतात. दाणा टपोरा झाला की घाट्यांची किंवा दाण्यांची संख्या बहुधा घटते, कारण झाडाजवळचे अन्न तेवढेच असते. मला तरी या कामातील खरे कौशल्य इथेच दिसते.

नवी विविधता हवी तर संकर हवा, आणि हरभऱ्यात तो अतिशय नाजूक हातांचे काम आहे. अजून न उमललेली, तांदळाच्या दाण्याहून थोडीशी मोठी कळी बोटांत धरून बारीक चिमट्याने तिच्या पाकळ्या अलगद बाजूला करायच्या, आतले दहाही पुंकेसर पराग सुटण्याआधी काढायचे, दुसऱ्या झाडाचे पराग कुक्षीवर लावायचे आणि देठाला रंगीत दोरा बांधायचा. चिमटा जरा जोरात लागला की कळी गळते. इतके करून घाटा धरलाच, तर त्यात एखाद-दुसराच दाणा मिळतो. महाराष्ट्राच्या शेतात रुळलेल्या राहुरी कृषी विद्यापीठाच्या विजय, दिग्विजय यांसारख्या वाणांमागे असे चिकाटीचे पैदासकाम आहे.

संकरासाठी आई-बाप शोधायचे तर भांडार मोठे आहे. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या जनुककोशातून, म्हणजे जपून ठेवलेल्या बियाण्यांच्या संग्रहातून, निवडलेल्या 211 नमुन्यांच्या छोट्या संचात त्या संग्रहातील बरीचशी विविधता सामावते. हरभऱ्याचा रानटी पूर्वज मात्र आग्नेय तुर्कस्तानातच आढळतो.

या भांडारातील जेजी 62 हा वाण मला नेहमी आठवतो. बहुतेक हरभऱ्यात फांदीच्या एका पेऱ्यावर एकच घाटा लागतो. जेजी 62 च्या पेऱ्यावर दोन लागू शकतात. पण झाड वाळवणाऱ्या मर रोगापुढे तो हमखास मान टाकतो. म्हणून मर रोगाच्या जमिनीत वाण तपासताना त्याच्या ओळी मुद्दाम मधूनमधून पेरतात. तो वाळला, की जमिनीत रोग पुरेसा आहे याची खात्री पटते, आणि त्याच्या शेजारी जी ओळ हिरवी उभी राहते, तिच्याकडे पैदासकार वळतो.