अँटिव्हायरस विकत घेण्याआधी हे वाचा

"मशीन स्लो झाली, एक अँटिव्हायरस टाकून द्या" असे सांगत दुकानात येणाऱ्या बऱ्याच ग्राहकांना नवा अँटिव्हायरस लागतच नाही. मशीन हळू चालण्याचे कारण बहुधा जुनी हार्ड डिस्क किंवा अपुरी रॅम असते. खरोखर व्हायरस असतो तेव्हा तो बहुतेक वेळा कोणीतरी स्वतःच क्लिक करून आत घेतलेला असतो. आम्ही अँटिव्हायरस विकतो, तरीही आधी खालच्या फुकटच्या गोष्टी करा असेच सांगू. हे पत्रक कृषी सेवा केंद्रे, जिनिंग, पतसंस्था, सेतू केंद्रे, शाळा आणि घरी मोबाइल-कॉम्प्युटर वापरणाऱ्या सर्वांसाठी आहे.

मेलसोबत आलेली फाइल

मेल नुसता उघडून वाचला म्हणून सहसा काही होत नाही. धोका जोडलेल्या फाइलमध्ये आणि लिंकमध्ये असतो. विंडोज मुळातच फाइलच्या नावाचा शेवटचा तुकडा लपवून ठेवते. त्यामुळे "बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई" ही फाइल, म्हणजे खरे तर एक प्रोग्राम, पडद्यावर "बिल डॉट पीडीएफ" एवढीच दिसते, आणि चिन्हही पीडीएफचेच लावलेले असते. मे २००० मध्ये जगभर पसरलेला "आय लव्ह यू" व्हायरस याच युक्तीवर चालला. नावात टीएक्सटी दिसे, खरा शेवट व्हीबीएस होता. त्याला आता पंचवीस वर्षे उलटली, पण विंडोजची ही मूळ सेटिंग अजून तशीच आहे.

ती बदलायला अर्धा मिनिट लागतो. विंडोज ११ मध्ये कोणतेही फोल्डर उघडा, वर "व्ह्यू", त्यात "शो", त्यात "फाइल नेम एक्स्टेन्शन्स" यावर टिक करा. विंडोज १० मध्ये हाच पर्याय वरच्या "व्ह्यू" पट्टीत थेट दिसतो. त्यानंतर नावाच्या शेवटी ईएक्सई, एससीआर, जेएस, व्हीबीएस, बीएटी, एलएनके किंवा आयएसओ दिसले तर फाइल उघडू नका. कोणत्याही कंपनीचे बिल, कोणत्याही ऑफिसची नोटीस या प्रकारात येत नाही.

पासवर्ड लावलेली झिप फाइल आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहिलेला, असे दिसले की सावध व्हा. पासवर्ड तुमच्या सुरक्षेसाठी नसून मेल तपासणाऱ्या यंत्रणेला आत डोकावता येऊ नये म्हणून लावलेला असतो. बँकेचे स्टेटमेंटही पासवर्डसह येते हे खरे, पण ते पीडीएफ असते आणि पासवर्ड तुमच्या जन्मतारखेसारख्या माहितीतून बनतो, मेलमध्ये आयता छापलेला नसतो.

एक्सेल आणि वर्ड फाइलमधल्या मॅक्रोचा (फाइलच्या आत दडलेल्या छोट्या प्रोग्रामचा) धोका आता कमी झाला आहे. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्ट ऑफिसची आवृत्ती त्याहून जुनी असेल तर पिवळी पट्टी येते, तिच्यावरचे "एनेबल कंटेंट" दाबू नका. नव्या आवृत्तीत लाल पट्टी येते, आणि मेलमध्ये लिहिलेले असते की "प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉक करा". असे लिहिलेले दिसले की तिथेच थांबा.

पाठवणाऱ्याचे नाव काहीही लिहिता येते, म्हणून पत्ता वाचा. मोबाइलवर नावाजवळचा छोटा बाण दाबला की पूर्ण पत्ता दिसतो. तो शेवटाकडून मागे वाचत यायचा. सरकारी पत्त्याचा शेवट "डॉट जीओव्ही डॉट इन" किंवा "डॉट एनआयसी डॉट इन" असतो. "पीएमकिसान-जीओव्ही-इन डॉट एक्सवायझेड" यात सरकारी शब्द सगळे आहेत, पण शेवट एक्सवायझेड आहे, म्हणजे तो कोणाचाही असू शकतो. जीएसटी किंवा इन्कम टॅक्सची नोटीस असेल तर ती पोर्टलवर तुमच्या लॉगिनमध्येही दिसते. मेलमधली लिंक न दाबता ब्राउझरमध्ये पत्ता स्वतः टाइप करून तिथे पाहा, किंवा तुमच्या कर सल्लागाराला फोन करा.

"आमचे बँक खाते बदलले आहे"

हा मेल व्यापाऱ्यांना सगळ्यात महागात पडतो, आणि त्यात व्हायरस नसतोच. मे-जूनमध्ये बियाणे-खताचे आरटीजीएस चालू असताना, किंवा दिवाळीनंतर कापसाचे पैसे फिरत असताना, ओळखीच्याच पत्त्यावरून, जुन्याच मेलच्या खाली उत्तर येते : ऑडिटमुळे जुने खाते बंद आहे, या नव्या खात्यावर भरणा करा. लेटरहेड बरोबर, बिलाची रक्कमही बरोबर. कारण दोघांपैकी एकाच्या मेलबॉक्सचा पासवर्ड आधीच बाहेर गेलेला असतो आणि कोणीतरी कित्येक दिवस बसून सगळा व्यवहार वाचत असतो. किती का महागडा अँटिव्हायरस असेना, त्याला पकडण्यासारखे इथे काही नसते.

यावर नियम एकच : खाते बदलल्याचा निरोप आला की तुमच्या फोनमध्ये आधीपासून सेव्ह असलेल्या नंबरवर बोलायचे, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. आरटीजीएसमध्ये पैसे खाते क्रमांकावर जातात, नावावर नाही. एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस आणि एनईएफटीमध्ये पैसे पाठवण्याआधी खातेदाराचे नाव पाहण्याची सोय बँकांनी द्यायची आहे. ते नाव वाचा. कंपनीऐवजी कुणा माणसाचे नाव दिसले तर पुढे जाऊ नका.

आपलाच मेलबॉक्स फुटला नाही ना, हे पाहायला कॉम्प्युटरवर जीमेल उघडा. चाकाच्या चिन्हावर क्लिक करून "सी ऑल सेटिंग्ज" मध्ये जा. "फिल्टर्स अँड ब्लॉक्ड ॲड्रेसेस" आणि "फॉरवर्डिंग अँड पॉप/आयमॅप" ही दोन पाने पाहा. चोर बहुधा इथे एक नियम लावून ठेवतो, म्हणजे त्या कंपनीचे मेल त्याच्याकडे जातात आणि तुमच्या इनबॉक्समध्ये दिसतच नाहीत. अनोळखी नियम दिसला तर काढा, मग पासवर्ड बदला आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डसोबत दुसरी खात्री मागणारी सोय) चालू करा. आधी नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, नियम तसाच चालू राहतो.

नुसता कचरा मेल

लॉटरी, कर्ज, औषधे, नोकरी. असा मेल नुसता डिलीट न करता "रिपोर्ट स्पॅम" दाबा, म्हणजे पुढच्या वेळी तो आपोआप बाजूला पडतो. "अनसबस्क्राइब" फक्त ओळखीच्या दुकानाच्या जाहिरातींसाठी वापरा. अनोळखी मेलमध्ये ते दाबले तर पत्ता चालू आहे एवढे मात्र त्यांना कळते. फ्लेक्सवर, व्हिजिटिंग कार्डावर आणि शासकीय अर्जांवर एकच मेल देत असाल तर बँकेच्या व्यवहारासाठी वेगळा पत्ता ठेवा. आणि आठवड्यातून एकदा स्पॅमचे फोल्डर चाळा. खरे मेलही चुकून तिथे जातात आणि जीमेल ३० दिवसांनी तिथले सगळे काढून टाकते.

व्हॉट्सॲपवरची एपीके

गावात आता मेलपेक्षा हा प्रकार जास्त आहे. "पीएम किसान यादी", "आरटीओ चलान", "लग्नपत्रिका", "बँक केवायसी" अशा नावाची फाइल येते, शेवटी एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲप इन्स्टॉल करणारी फाइल. ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून, गावाच्या ग्रुपवरही येते, कारण त्याचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असतो. लग्नपत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, ती इन्स्टॉल करावी लागत नाही.

फाइल नुसती आली म्हणून काही होत नाही. ती उघडून "इन्स्टॉल अननोन ॲप्स" ला परवानगी दिली आणि नंतर एसएमएस किंवा ॲक्सेसिबिलिटीची (पडद्यावरचे वाचण्याची) परवानगी दिली, की ओटीपी परस्पर वाचले जातात. इन्स्टॉल झालीच असेल तर हा क्रम पाळा :

१. डेटा आणि वायफाय बंद करून फोन एअरप्लेन मोडवर टाका. दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन करून खाते आणि यूपीआय थांबवायला सांगा.

२. पॉवर बटण धरा, पडद्यावरचे "पॉवर ऑफ" दाबून धरा, "सेफ मोड" येईल. काही कंपन्यांच्या फोनमध्ये रीत थोडी वेगळी असते.

३. सेटिंग्जमध्ये "डिव्हाइस ॲडमिन ॲप्स" शोधून अनोळखी ॲपची टिक काढा, मगच ते अनइन्स्टॉल होते. चिन्ह लपवलेले असू शकते, म्हणून होमस्क्रीनवर न शोधता ॲप्सच्या पूर्ण यादीत शोधा.

४. नेटवर्क परत चालू केल्यावर स्टार हॅश २१ हॅश डायल करा. कॉल दुसऱ्या नंबरवर वळवलेले दिसले तर हॅश हॅश ००२ हॅश डायल करून सगळे फॉरवर्डिंग काढा.

शंका उरली तर फोनमधले फोटो दुसरीकडे उतरवून घेऊन फॅक्टरी रीसेट हाच खात्रीचा मार्ग. रीसेटनंतर जुन्या बॅकअपमधून ॲप परत घेऊ नका, प्ले स्टोअरमधून नव्याने घ्या.

"तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले"

उजव्या कोपऱ्यात सारखी अशी खिडकी येते, त्यावर नामांकित अँटिव्हायरसचे चित्र असते. हा व्हायरस नाही आणि तो अँटिव्हायरसही नाही. सिनेमा किंवा निकाल पाहताना एखाद्या साइटला "अलाऊ" दाबले गेलेले असते. क्रोममध्ये सेटिंग्ज, "प्रायव्हसी अँड सिक्युरिटी", "साइट सेटिंग्ज", "नोटिफिकेशन्स" इथे जाऊन अनोळखी साइट काढून टाका. काम संपले. यासाठी दुकानात यायची गरज नाही. त्या खिडकीतल्या नंबरवर फोन मात्र करू नका. ते लोक स्क्रीन शेअरचे ॲप घ्यायला लावतात आणि मग नेट बँकिंग उघडायला सांगतात.

पेन ड्राइव्हवर फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसत असतील तर फाइल गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. शॉर्टकट उघडू नका, पेन ड्राइव्ह फॉरमॅटही करू नका. तसाच आणून द्या. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंटसाठी स्वतंत्र पेन ड्राइव्ह ठेवला, की ही भानगड निम्मी मिटते.

अँटिव्हायरस कोणता

विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर फुकट असतो आणि घरगुती वापराला, एका-दोन मशीनच्या दुकानाला तो पुरतो. मात्र तो खरोखर चालू आहे का हे पाहा. "विंडोज सिक्युरिटी" उघडा, "व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन", "मॅनेज सेटिंग्ज", आणि अगदी खाली "एक्सक्लूजन्स", म्हणजे तपासणीतून वगळलेल्या जागांची यादी. तिथे पूर्ण सी ड्राइव्ह किंवा एखादे विचित्र फोल्डर लिहिलेले असेल तर बहुधा कोणीतरी विंडोज किंवा ऑफिस फुकटात चालू करणारा ॲक्टिव्हेटर टाकलेला आहे. असे ॲक्टिव्हेटर आधी डिफेंडर बंद करायला सांगतात, आणि त्यांच्यासोबत पासवर्ड चोरणारे प्रोग्राम फिरतात. ती नोंद काढा आणि पूर्ण स्कॅन करा. क्रॅक केलेला अँटिव्हायरस तर मुळीच नको.

विकतचा अँटिव्हायरस कोणी घ्यावा? पाच-सहाच्या वर मशीन असून सगळ्यांवर एका जागेवरून लक्ष ठेवायचे असेल, यूएसबी पोर्ट बंद करायचे असतील, किंवा बिघाड झाला तर मराठी-हिंदीत बोलणारी मदत हवी असेल तर घ्या. पुण्याची क्विक हील, चेन्नईची के७ या आपल्याकडच्या कंपन्या आहेत, बाहेरच्याही चांगल्या आहेत. जाहिरातीपेक्षा जर्मनीतील एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या स्वतंत्र संस्थांचे निकाल पाहा. एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरसुलभता यांना प्रत्येकी ६ गुण देते. मशीन जुने असेल तर वेगाचा रकाना आधी वाचा, नुसती बेरीज पाहू नका.

दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नका. दोन्ही एकाच फाइलवर झडप घालतात आणि मशीन अडकते. दुसरा टाकला की डिफेंडर आपोआप मागे हटतो, पण मुदत संपलेला जुना अँटिव्हायरस तसाच पडून असेल तर घोळ होतो, म्हणून तो आधी पूर्ण काढा. वर्षाची मुदत ॲक्टिव्हेट केल्यापासून मोजली जाते. अँटिव्हायरसच्या की चा (ॲक्टिव्हेट करायच्या क्रमांकाचा) फोटो फोनमध्ये काढून ठेवा, फॉरमॅटनंतर ती लागते.

धरमकाट्यावरच्या कॉम्प्युटरला नेट नसते, तरी पेन ड्राइव्ह लागतोच. अशा मशीनसाठी कंपनीच्या साइटवरून ऑफलाइन अपडेट उतरवून महिन्यातून दोनदा टाका. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालणाऱ्या लॅपटॉपमध्ये कनेक्शन "मीटर्ड" (मोजून डेटा वापरणारे) असेल तर अपडेट अडकून राहू शकतात, ती सेटिंग तपासा.

विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज १० ला मिळणारा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज १० वर डिफेंडरची व्हायरस-यादी अजून ताजी होते, त्यामुळे सगळे ठीक वाटते, पण विंडोजमधली भोके बुजवायला वाढीव सुरक्षा योजनेत नोंद करावी लागते. मे २०१७ च्या, फाइल लॉक करून खंडणी मागणाऱ्या "वॉनाक्राय" हल्ल्यात बळी पडलेल्या मशीनवर दुरुस्तीचे अपडेट टाकलेले नव्हते. ते मार्चमध्येच आलेले होते.

फाइल लॉक झाल्या किंवा पैसे गेले तर

फाइलची नावे बदलली आणि खंडणीची चिठ्ठी दिसली तर आधी नेटची वायर काढा, मग ऑफिसमधली बाकीची मशीन वेगळी करा. चिठ्ठीचा फोटो घ्या, काही डिलीट करू नका. "नो मोअर रॅन्सम" या साइटवर काही प्रकारांची चावी फुकट मिळते, सगळ्यांची नाही. म्हणून टॅलीचा डेटा रोज एका बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या आणि ड्राइव्ह काढून ठेवा. सतत जोडून ठेवलेला ड्राइव्हही सोबतच लॉक होतो. अशा दोन ड्राइव्ह आलटून-पालटून वापरा, एक घरी असू द्या.

पैसे गेले असतील तर आधी बँकेला फोन, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या.

मशीन दुरुस्तीला आणताना लॅपटॉपसोबत चार्जर आणि अँटिव्हायरसची की आणा, बँकेचे पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देऊ नका, आम्हाला ते लागत नाहीत. जुन्या हार्ड डिस्कवर पूर्ण स्कॅनला तीन-चार तास सहज जातात आणि मध्येच लाइन गेली तर पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे बाजाराच्या दिवशी घाईत आणण्यापेक्षा आदल्या दिवशी संध्याकाळी ठेवून गेलात तर बरे.