ब्लेकचं हे चित्र आम्ही मोठं करून का देत नाही?

दुकानात विल्यम ब्लेक या इंग्रज कवी-चित्रकाराची काळी-पांढरी चित्रं पाहिली की बहुतेक ग्राहक एकच प्रश्न विचारतात: 'छान आहे, पण जरा मोठ्या मापात मिळेल का?' चित्र जेमतेम साडेसात सेंटिमीटर रुंद आणि साडेतीन सेंटिमीटर उंच, त्यामुळे प्रश्न साहजिक आहे. आम्ही ते मूळ मापातच देतो. त्यामागची कारणं काउंटरवर घाईत सांगता येत नाहीत, म्हणून हे पत्रक.

लंडनमध्ये डॉ. रॉबर्ट जॉन थॉर्नटन शाळकरी मुलांसाठी प्राचीन रोमन कवी व्हर्जिलच्या मेंढपाळ-काव्यांचं एक पुस्तक काढत. १८२१ साली त्याची तिसरी आवृत्ती निघाली. मुलांना लॅटिनची गोडी लागावी म्हणून तिच्यात भरपूर चित्रं घातली होती. अँब्रोज फिलिप्स या कवीने व्हर्जिलच्या धर्तीवर इंग्रजीत लिहिलेली एक कविताही त्यात होती आणि तिच्या चित्रांचं काम ब्लेककडे आलं. चित्रकार जॉन लिनेल यांनी थॉर्नटन आणि ब्लेक यांची ओळख करून दिली होती. ब्लेक तेव्हा साठी ओलांडलेला होता. आयुष्यभर तांब्याच्या पत्र्यावर कोरीव काम केलेला हा माणूस लाकडावर पहिल्यांदाच कोरत होता.

तांबं आणि लाकूड यांतला फरक समजला की चित्र उलगडायला लागतं. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या रेघेत शाई भरतात, वरची शाई पुसून काढतात आणि दाबाखाली ती रेघ कागदावर काळी उमटते. लाकडी ठशाचं बरोबर उलट असतं. शाईचा रूळ ठशाच्या वरच्या सपाटीवर फिरतो, कोरलेल्या जागी शाई पोचतच नाही, म्हणून तिथे कागद पांढरा राहतो. न कोरलेला ठसा छापला तर नुसता काळा आयत मिळेल. पत्र्यावर अंधार कोरावा लागतो, लाकडावर उजेड.

लाकूड बॉक्स नावाच्या झाडाचं असतं. हे झाड फार हळू वाढतं, त्यामुळे त्याचं लाकूड घट्ट असतं आणि खोड बारीक. ओंडक्याचा आडवा काप घेऊन तो घोटून गुळगुळीत करतात. उभ्या फळीवर सुरी चालवली तर ती तंतूंबरोबर ओढली जाते. आडव्या कापावर मात्र ब्युरिन नावाचं टोकदार हत्यार कोणत्याही दिशेला सारखंच चालतं, आणि केसाएवढी बारीक रेघही टिकते. न्यूकॅसलच्या टॉमस ब्यूइकने अठराव्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत फार उंचीवर नेली. ठशाची जाडी छापखान्यातल्या खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या अक्षरांच्या, उंचीएवढी ठेवली की चित्र आणि मजकूर एकाच वेळी छापता येत. थॉर्नटनच्या पुस्तकातही ब्लेकचं पहिलं चित्र सोडलं तर बाकीची सोळा एका पानावर चार अशी छापली आहेत.

कवितेत थेनॉट हा म्हातारा मेंढपाळ आणि कॉलिनेट हा दुःखी तरुण बोलत बसले आहेत. आपला जन्मच वाईट घडीला झाला, असं कॉलिनेटला वाटतं. दुकानात सर्वात जास्त मागणी असलेलं वादळाचं चित्र इथलंच. त्यात माणूस नाही. वाऱ्याने लोळवलेलं पीक आहे, झोडपलेलं झाड आहे आणि वर चंद्राची कोर. हातात भिंग घेऊन पाहा: पिकाच्या रेघा एका बाजूला झुकलेल्या, खरबरीत, घाईने ओढल्यासारख्या दिसतात. व्यवसायाने कोरणाऱ्या कारागिराने त्या एकसारख्या आणि नेटक्या केल्या असत्या. ब्लेकने तशा केल्या नाहीत, आणि आमच्या मते चित्राचा जीव त्यातच आहे. कॉलिनेटच्या मनातला काळोख हा ठशाचा न कोरलेला भाग आहे. त्यातून जेवढा उजेड हाताने खरवडून काढता आला, तेवढाच त्याच्या वाट्याला आला आहे.

दुसऱ्या एका चित्रात घर सोडून निघालेला प्रवासी आणि लंडनचं अंतर दाखवणारा मैलाचा दगड आहे. शेवटाकडे थेनॉट कॉलिनेटला रात्रीपुरतं आपल्याकडे थांबवून घेतो आणि तिथे पांढरी जागा वाढत जाते. चार चित्रं एकाच चौकटीत घेणाऱ्यांनी शक्य तर वादळ आणि हा शेवट दोन्ही घ्यावेत.

त्या काळी या ठशांचं फारसं स्वागत झालं नाही. छपाईच्या धंद्यातल्या लोकांना ते ओबडधोबड वाटले. तीन चित्रं दुसऱ्या कारागिराकडून कोरून घेतली गेली. पानात बसावेत म्हणून ब्लेकच्या ठशांच्या कडाही कापल्या. त्यांत कलेपेक्षा प्रतिभा अधिक आहे, अशा अर्थाची सारवासारव थॉर्नटनने पुस्तकातच छापली. पण तरुण चित्रकार सॅम्युएल पामरला त्यांत स्वर्गातले लहानलहान कोपरे दिसले. त्याच्या आणि एडवर्ड कॅल्व्हर्टच्या चित्रांवर या ठशांची छाप स्पष्ट दिसते.

मूळ ठसे आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आमची प्रत त्यांवरून काढलेला छाप नाही. ती जुन्या छापाच्या छायाचित्रावरून केलेली प्रतिकृती आहे, आणि किंमतही त्याच हिशेबाने ठेवली आहे. मोठी केली तर रेघा जाड आणि बोथट होतात, अंधार विरळ पडतो.

फ्रेम करताना चित्राभोवती चारही बाजूंनी किमान आठ सेंटिमीटर माउंट, म्हणजे चित्र आणि फ्रेम यांमधली बोर्डाची पट्टी, सोडा. तो आम्लमुक्त बोर्डाचाच घ्या, साध्या पुठ्ठ्याने कागद पिवळा पडतो. मऊ पांढऱ्या माउंटवर काळा रंग जास्त खुलतो. सोफ्याच्या वर उंच लावू नका. वाचनाच्या खुर्चीशेजारी, बसल्यावर डोळ्यांसमोर येईल असं लावा. थेट ऊन टाळा. पावसाळ्यात ओल धरणारी भिंत असेल तर फ्रेमच्या मागच्या चारही कोपऱ्यांना आम्ही बुचाचे तुकडे लावून देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.