वरच्या दाढेला लागून असलेली पोकळी

१६५१ साली नॅथॅनिएल हायमोर या इंग्लिश वैद्याने शरीररचनेवर एक ग्रंथ लिहिला. त्यात एका बाईंची हकीकत आहे. त्यांचा वरचा सुळा काढला तेव्हा जबड्याच्या हाडाचा तुकडाही सोबत निघून आला आणि त्या जागेतून स्राव येत राहिला. हे कुठून येतंय ते बघावं म्हणून बाईंनी चांदीची बारीक सळई आत घातली, तर ती आत जातच राहिली. मग पिसाची सोललेली काडी घातली, ती तर आणखी खोल गेली. काडी मेंदूला टेकली की काय, या भीतीने त्या गांगरून गेल्या. हायमोरने त्यांना समजावलं की गालामागच्या हाडात मुळातच पोकळी असते आणि काडी त्या पोकळीत गेली होती. लिओनार्डो दा विंचीने दीडशेहून अधिक वर्षं आधी ही पोकळी चितारली होती. तरीही वैद्यकात तिला नाव मिळालं ते हायमोरचं. आज आपण तिला मॅक्सिलरी सायनस म्हणतो.

मोठ्या माणसात या पोकळीत साधारण १५ मिलिलिटर हवा मावते. जन्मतः ती अगदी छोटी असते. बाराव्या वर्षाच्या सुमारास तिचा तळ नाकाच्या तळाच्या पातळीला येतो आणि कायमच्या दाढा खाली उतरल्या की त्यांच्यामागून तीही खाली सरकते. त्यामुळे वरच्या पहिल्या आणि दुसऱ्या दाढेच्या मुळांची टोकं सायनसच्या तळाला अगदी खेटून असतात. दोघांमध्ये कुणाच्या बाबतीत काही मिलिमीटर हाड असतं, तर कुणाच्या बाबतीत हाड नसतंच, फक्त पातळ अस्तर असतं. वरच्या दातांच्या नसाही याच पोकळीच्या भिंतीतून जातात. म्हणून सर्दीने सायनस भरला की धडधाकट दाढाही ठणकतात, आणि खाली वाकलं की जास्तच. अशा वेळी दाढ काढून काहीच उपयोग होत नाही.

उलटा प्रवासही होतो. किडलेल्या दाढेच्या मुळाशी पू साठला की तो वर सायनसमध्ये शिरू शकतो. या पोकळीची रचना मोठी अडचणीची आहे. टाकीची तोटी तळाशी असण्याऐवजी वर झाकणाजवळ असावी, तसं सायनसचं नाकात उघडणारं छिद्र आतल्या भिंतीत उंचावर असतं. अस्तरावरचे सूक्ष्म केस श्लेष्मा सतत वर ढकलत राहतात, तेव्हाच निचरा होतो. अस्तर सुजलं की हे काम थांबतं. एकाच बाजूचं नाक वाहतंय, घाण वास येतोय, औषधांचे कोर्स झाले तरी त्रास परत येतोय, असं असेल तर वरच्या दाढा तपासल्याच पाहिजेत. मॅक्सिलरी सायनसच्या दुखण्यांपैकी १० ते १२ टक्के दातांमुळे होतात, असं जुनी पाठ्यपुस्तकं सांगत. सीटी स्कॅन सर्रास होऊ लागल्यावर हे प्रमाण त्याहून बरंच जास्त असल्याचं लक्षात आलं. त्रास एकाच बाजूला असलेल्या रुग्णांत तर विशेषच.

हे इतकी वर्षं लक्षात का आलं नाही, याचं मोठं कारण सपाट चित्र. राँटगेनने १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये क्ष-किरण शोधले आणि दोनच महिन्यांनी जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमध्ये ओटो वाल्कहोफ या दंतवैद्याने स्वतःच्या दातांचा एक्स-रे काढला. त्यासाठी तो २५ मिनिटं किरणांसमोर बसून होता. पुढे फिनलंडच्या यर्यो पाटेरोने सगळा जबडा एका पट्टीत दाखवणारं तंत्र विकसित केलं. तेच आजचं ओपीजी. दोन्ही चित्रं कामाची आहेत, पण त्यांत पुढचं आणि मागचं एकावर एक पडतं. ओपीजीत मूळ सायनसमध्ये घुसलेलं दिसतं, प्रत्यक्षात मात्र अनेकदा ते पोकळीच्या बाजूने गेलेलं असतं. गालाच्या हाडाची सावली नेमकी दाढांच्या मुळांवर येते, ती वेगळी.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस इटलीतल्या व्हेरोना इथे आणि जपानमध्ये कोन बीम सीटी, म्हणजे सीबीसीटी, आकाराला आली. यात शंकूच्या आकाराचा किरणझोत डोक्याभोवती एक फेरी मारतो आणि काही सेकंदांत शेकडो चित्रं टिपतो. त्यांतून संगणक हाडाचा त्रिमित ठोकळा रचतो. त्याचा एकेक घटक मिलिमीटरचा एक ते चार दशांश भाग एवढा बारीक असतो. मग हा ठोकळा हव्या त्या दिशेने कापून पाहता येतो. मूळ आणि सायनस यांच्यात हाड किती, अस्तर कुठे जाडावलंय, छिद्र मोकळं आहे का, हे दिसू लागतं. पोकळीत कधी कधी हाडाचे उभे पडदेही असतात. त्यांचं वर्णन लंडनच्या अंडरवुडने १९१० मध्ये केलं होतं. दाढ काढल्यावर सायनस आणखी खाली उतरतो, म्हणून तिथे इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम दातासाठी हाडात रोवायचा खिळा, बसवायचं तर अनेकदा अस्तर अलगद उचलून खाली हाड भरावं लागतं. पडदा कुठे आहे हे आधी माहीत नसेल, तर नेमकं तिथेच अस्तर फाटू शकतं.

मात्र सीबीसीटी हाडं छान दाखवते आणि मऊ भाग जेमतेम. सायनसमध्ये भरलेलं करडं काहीतरी पू आहे, सूज आहे की गाठ, हे ती खात्रीने सांगू शकत नाही. २०२१ मध्ये कोविडनंतर महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसची, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजाराची, लाट आली, तेव्हा कितीतरी मधुमेही रुग्ण सगळ्यात आधी दंतवैद्याकडेच आले होते. वरचे दात अचानक हलू लागलेले, टाळू काळी पडलेली, हिरडीतून पू येतोय. रोग दातांचा नव्हता, नाक आणि सायनसमधून जबड्यात उतरलेला होता. बुरशी डोळ्याकडे किंवा मेंदूकडे किती पसरली, हे पाहायला एमआरआयच लागत असे. तरीही हलणाऱ्या दातांचं कारण वर सायनसमध्ये असू शकतं, हा विचार ज्याने वेळेवर केला, त्याने रुग्णाचे मोलाचे दिवस वाचवले.

जबड्याच्या जुळणीचा, म्हणजे वरचा आणि खालचा जबडा एकमेकांवर कसे बसतात याचा, अभ्यास वेगळ्या वाटेने सुरू झाला. १९३१ मध्ये अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ यांनी डोकं ठरावीक स्थितीत स्थिर धरून बाजूने एक्स-रे घेण्याची पद्धत मांडली. त्यालाच सेफॅलोग्राम म्हणतात. कवटीतली पिट्यूटरी ग्रंथीची बैठक, नाकाच्या मुळाशी असलेला हाडांचा सांधा आणि दोन्ही जबड्यांवरचे ठरलेले बिंदू जोडून कोन मोजतात. स्टायनर या अमेरिकन दंततज्ज्ञाच्या प्रसिद्ध मोजमापांत वरच्या जबड्याचा कोन ८२ अंश, खालच्याचा ८० आणि दोघांतला फरक २ अंश धरला आहे. हे आकडे अमेरिकेतल्या गोऱ्या चेहऱ्यांवरून आले. आपल्याकडे ते जसेच्या तसे लावता येत नाहीत, म्हणून महाराष्ट्रीय लोकांसह भारतातल्या निरनिराळ्या समूहांची मापं घेतली गेली. मला हे काम फार महत्त्वाचं वाटतं. कारण परक्या सरासरीशी तुलना करून आपल्याकडच्या निरोगी चेहऱ्यातही दोष काढला जाऊ शकतो.

सेफॅलोग्रामही सपाटच. डावी-उजवी बाजू एकावर एक येते आणि हनुवटी एका बाजूला गेली असेल तर नेमकं तेच हरवतं. तिथे त्रिमित स्कॅनला पर्याय नाही. पण तारा लावायला आलेल्या प्रत्येक मुलाचा सीबीसीटी काढायचा, हे मला पटत नाही. साध्या दाताच्या एक्स-रेत काही मायक्रोसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचं एकक) किरणोत्सर्ग मिळतो, सीबीसीटीत दहापट ते शंभरपट. निसर्गातून वर्षाला सरासरी २४०० मिळतोच, त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही. मात्र मुलांच्या पेशी अधिक नाजूक असतात, म्हणून प्रश्न ठरल्यावरच स्कॅन काढावा.

सायनस आणि जुळणी या दोन वाटा वरच्या जबड्यात एकत्र येतात. तारांनी दाढ सायनसच्या तळावरून सरकवायची असेल तर ती हळू सरकते, मूळ मागे राहून कलतेही. शस्त्रक्रियेत हे नातं आणखी थेट आहे. १९०१ मध्ये रेने ले फोर्ट या फ्रेंच सर्जनने मृतदेहांच्या चेहऱ्यावर आघात करून हाड कोणत्या रेषांत तुटतं ते नोंदवलं. त्यातल्या सर्वांत खालच्या रेषेवर आज सर्जन मुद्दाम काप घेतात, वरचा जबडा सुटा करतात आणि नव्या जागी बसवतात. तो काप दोन्ही सायनसच्या भिंतींतून जातो. आत जुना संसर्ग असेल तर तो आधी बरा करावा लागतो. जबडा वर उचलायचा असेल तर नाकाचा मधला पडदाही तेवढा तासावा लागतो, नाहीतर तो वाकतो आणि श्वास अडतो. म्हणून दातांसाठी काढलेल्या मोठ्या स्कॅनच्या अहवालात सायनस आणि नाकाबद्दलही लिहिलेलं आहे ना, हे विचारून घ्यावं आणि स्कॅनची सीडी जपून ठेवावी. पुढे कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायची वेळ आली, तर पुन्हा किरण घ्यायची गरज कदाचित पडणार नाही.